पाठीमागे गेलेला हात

विल्सन, नॉर्थ कॅरोलायना
१८ सप्टेंबर २०२२

प्रिय आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही काल मी घसा फोडून ओरडत बसले, आणि शेवटी तू "बरं, मी प्रार्थना करीन हो त्याच्यासाठी" म्हणून फोन ठेवलास. कोणासाठी गं? कोणी आजारी नाही. म्हणून आता कागदावर लिहिते, निवांत वाच.

मी शिकायला लागले आहे. हसू नकोस. आमच्या इथल्या कम्युनिटी कॉलेजने औषध कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी छोटे छोटे अभ्यासक्रम काढलेत. एकेक काही आठवड्यांचा, सगळा फोनवर. स्वच्छता कशी ठेवायची, मोजमाप कसं करायचं, जिवंत पेशी कशा वाढवायच्या, नोंदी कशा लिहायच्या, आणि शेवटचा, जंतुविरहित खोलीत जायचे कपडे कसे घालायचे. एक पुरा झाला की एक बिल्ला मिळतो, तोही फोनवरच. पाचही बिल्ले मिळवले तर शहराबाहेर जो नवा औषधाचा कारखाना उभा राहतोय तो मुलाखतीला बोलावतोच. पदवी लागत नाही.

माझं उजवं मनगट काय म्हणतं ते तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाला, कोंबड्यांच्या कारखान्यात त्या सरकत्या पट्ट्यावर सुरी धरून आणखी एखादं वर्ष, मग हे मनगट तुझं राहणार नाही. आत्या, असंच सुरीचं काम करून बाबांना शेवटी शेवटी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. त्यांना रविवारी चर्चला न्यायला तूच यायचीस बटणं लावायला. मला त्या वाटेने जायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून धडे ऐकते. घरातलं इंटरनेट रुसलं की ग्रंथालयासमोर गाडी लावून त्यांचं वापरते. तिथे आधीच चार गाड्या उभ्या असतात. सगळ्यांचे चेहरे फोनच्या उजेडात निळे.

तुझी,
रेनिटा

विंडसर, बर्टी काउंटी
२७ सप्टेंबर २०२२

रेनिटा,

पत्र पोचलं. तू मेलेली कोंबडी सोडून जिवंत पेशी धरणार आहेस एवढं समजलं. देव तुझं भलं करो, आणि त्या पेशींचंही.

पण बिल्ला फोनवर? मी चर्चच्या दाराशी उभं राहून लोकांना बाकांवर बसवणाऱ्या अशर मंडळाची प्रमुख होऊन तुझ्या वयाइतकी वर्षं झाली. माझा बिल्ला माझ्या छातीवर असतो, लांबून दिसतो, आणि तो बघून चर्चचा कारभार पाहणारे गुरगुरणारे डीकनसुद्धा मी दाखवीन त्या बाकावर गपचूप बसतात. जो बिल्ला छातीला लागत नाही तो दाखवायचा कोणाला? आणि काही आठवड्यांत औषधं करायला शिकवतात म्हणे. आमच्या मॅटी थॉर्नने काही आठवड्यांत केस कापायला शिकून दुकान थाटलं होतं. तिच्या गिऱ्हाइकांनी पुढचा उन्हाळा टोप्या घालून काढला.

तरीही शीक. तुझ्या बाबाची बटणं लावताना माझ्या मनात काय यायचं ते मी कधी कोणाला बोलले नाही, आणि आता तुलाही सांगत नाही. शीक म्हणजे झालं.

रताळ्याचं सारण भरून भट्टीत भाजलेल्या दोन गोड पाय येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर पाठवते. एक तुझी. दुसरीही तुझीच, पण वाटून खाल्लीस असं मला सांग.

आत्या व्हर्डेल

विल्सन
१५ जानेवारी २०२३

प्रिय आत्या,

चार बिल्ले झाले! चार! मॅटी थॉर्नला सांग.

नोंदींच्या परीक्षेत वर्गात पहिली आले. वर्ग म्हणजे फोनमधल्या चौकटी, पण आता ती सगळी माणसं माझी झाली आहेत. एक जण लष्करातून परतलेला आहे, एक बाई शाळेत जेवण वाढते, आणि आमच्याच पट्ट्यावरची मरिसोल आहे, होंडुरासची. ती आणि मी कोंबड्या सोलता सोलता एकमेकींना प्रश्न विचारतो. मुकादम म्हणतो, "तुम्ही दोघी काय जादूटोणा शिकताय?"

आता फक्त कपड्यांचा पाचवा बिल्ला राहिला. तुला वाटेल, कपडे घालायला काय अक्कल लागते? पण आत्या, त्या खोलीत माणूस हीच सगळ्यात घाण वस्तू. टोपी, मुखपट्टी, गाउन, दोन दोन हातमोजे, सगळं ठरलेल्या क्रमाने, बाहेरच्या बाजूला बोट न लावता, जमिनीला टोक न टेकवता. कॉलेजने सरावासाठी कपड्यांची पेटी घरी पाठवली आहे. घालतानाचा व्हिडिओ काढून पाठवायचा. दोनच संधी. दोन्ही हुकल्या तर हा बिल्ला यंदा नाही, आणि उन्हाळ्याच्या आधीच्या मुलाखतीही नाहीत. मनगट पुढच्या वर्षापर्यंत थांबेल असं मला वाटत नाही.

कॅमेरा लावला की माझे पाय लटपटतात. सराव करताना सगळं येतं, आणि तो लाल ठिपका दिसला की आपलं नावही आठवत नाही.

तुझी,
रेनिटा

विंडसर
२३ जानेवारी २०२३

माझ्या पोरी,

पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, तोंड बंद, चाल हळू, आणि कशाला उगीच हात लावायचा नाही. अगं, हे तर मी तुला सहा वर्षांची असल्यापासून शिकवलंय! छोट्या अशरांच्या रांगेत तू सगळ्यात टोकाला उभी असायचीस, आणि बाकीची पोरं नाक खाजवायची तेव्हा तू खांबासारखी ताठ. बाहेरगावच्या चर्चचे लोक तुला बघून म्हणायचे, ही व्हर्डेल स्पाइटची भाची.

तेव्हा घाबरायचं कारण नाही. पाय लटपटले की मी शिकवल्यासारखी उभी राहा. टाचा जुळवून, हनुवटी वर, उजवा हात बाजूला, डाव्या हाताची मूठ पाठीमागे कमरेवर. त्या उभं राहण्यात देव आहे. ज्या पोरीला असं उभं राहता येतं तिला कोणी नापास करू शकत नाही.

मरिसोललाही शिकव.

आत्या व्हर्डेल

विल्सन
१२ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,

पहिली संधी गेली. कपडे घालताना एक लहानशी चूक झाली. डॉ. लॉकलिअर आमच्या शिक्षिका आहेत, त्या म्हणाल्या, बाकी सगळं उत्तम होतं. दुसरी परीक्षा २५ मार्चला कॉलेजात प्रत्यक्ष त्यांच्यासमोर.

मरिसोल पास झाली. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग गाडीत बसून रडले.

फार लिहीत नाही. तुझं पत्र मिळालं होतं, त्याच दिवशी व्हिडिओ काढला होता.

रेनिटा

विंडसर
१८ फेब्रुवारी २०२३

रेनिटा,

"लहानशी चूक" म्हणे! तुला सगळं येत होतं, तुझं तूच लिहिलंस. मग ही चूक आली कुठून? मला कोणी बोळ्याने दूध पाजलेलं नाही. तुझ्या वेण्यांवरून झालं ना? त्यांच्या टोप्या त्यांच्याच डोक्यांच्या मापाच्या, आणि त्यात आपलं डोकं मावलं नाही तर नापास आपण. नाचता येईना अंगण वाकडं! कोण ही बाई लॉकलिअर? तिच्या बापाने आपली काळी माणसं कुठल्या दारातून आत घेतली असतील ते मला न सांगताच कळतंय.

तू काही बोलू नकोस. तू नेहमीच गप्प बसतेस, तुझ्या बाबासारखी. मी रेव्हरंड बेझमोरशी बोलले आहे. पुढच्या आठवड्यात ते, दोन डीकन आणि मी, चर्चच्या गाडीतून येतोय. मी टोपी घालूनच येणार आहे. जांभळी.

आत्या

विल्सन
२२ फेब्रुवारी २०२३

आत्या, आत्या, गाडी काढू नकोस!

हे पत्र दुप्पट तिकिटं लावून टाकतेय. रेव्हरंडांनाही फोन केला आहे, पण तू त्यांचंही ऐकणार नाहीस म्हणून तुझ्या हातात कागद हवा.

डॉ. लॉकलिअर गोऱ्या नाहीत. रॉबसन काउंटीच्या आहेत, तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांपैकी. त्यांच्या आजीलाही तेच मागचं दार दाखवलं जायचं जे आपल्या आजीला. आणि वेण्यांचं म्हणशील, तर वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मोठ्या टोप्या मागवून ठेवल्या होत्या. पहिल्याच धड्यात म्हणाल्या, "कारखान्याला सगळी डोकी हवीत ना, मग सगळ्या मापांच्या टोप्याही घ्या." माझ्या वेण्या आत मावल्या, आणि वर तुझी जांभळी टोपीही मावली असती.

मी तुझ्यापासून लपवलं. आता खरं सांगते, आणि तू खुर्चीत बसून वाच.

कपडे मी बिनचूक घातले. एक बोट चुकलं नाही. मग फक्त थोडा वेळ कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं. पाय लटपटायला लागले. आणि तू लिहिलं होतंस तसं मी केलं. केलं म्हणजे काय, आपोआप झालं. टाचा जुळल्या, हनुवटी वर गेली, आणि डाव्या हाताची मूठ पाठीमागे कमरेवर.

त्या खोलीत पाठ अस्वच्छ धरतात, आत्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून. हात कायम समोर हवेत, कमरेच्या वर, खांद्यांच्या खाली, डोळ्यांना दिसतील असे. हात मागे गेला की तो हातमोजा बाद, आणि परीक्षाही बाद. डॉ. लॉकलिअर मला म्हणाल्या, "एवढं सुंदर उभं राहायला तुला कोणी शिकवलं?" मी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर हसले असते, नाहीतर रडले असते.

तुझ्यावर ढकलत नाही मी. पण रोज सराव करते आणि रोज हात मागे जातो. तू इतकं पक्कं शिकवलंस की ते आता निघत नाही.

रागावू नकोस. येऊ तर मुळीच नकोस.

तुझी,
रेनिटा

विल्सन
१६ मार्च २०२३

प्रिय आत्या,

माझं पत्र मिळालं का? तुझं उत्तर नाही. चर्चची गाडीही आली नाही, तेवढं बरं झालं.

तू दुखावली आहेस हे मला समजतं. ज्या गोष्टीचा तुला आयुष्यभर अभिमान, तीच माझ्या आड आली असं मी लिहून बसले. ते पत्र मी दहादा मनात परत घेतलं. तुझ्या चर्चमधली फ्लोसी इथल्या बाजारात आली होती, तिने सांगितलं की रविवारी तू काहीतरी विचित्र केलंस आणि सगळे त्याबद्दलच बोलतायत. काय केलंस ते विचारलं तर नुसती फिदीफिदी हसली. अशर मंडळ सोडलंस की काय?

पुढच्या शनिवारी परीक्षा आहे. हात अजून मागे जातो. तू काही लिहिलंस तर बरं वाटेल. शिव्या घातल्यास तरी चालेल.

रेनिटा

विंडसर
१९ मार्च २०२३

वेड्या पोरी,

मी काय सोडणार! मला मंडळातून काढायचं तर आधी पुरावं लागेल.

दुखावले होते, हे खरं. मग मनात आलं, ही पोरगी म्हणते हात आपोआप मागे जातो. खरंच इतकं अवघड असतं का? करून बघावं. म्हणून घरात आरशासमोर उभी राहिले. हात मागे. पुन्हा राहिले. पुन्हा मागे. माझाच हात, आणि मला विचारतही नाही! भांडी घासताना ठीक असतो. उभी राहिले, श्वास घेतला, की गेला मागे. हट्टाला पेटले मी. रोज सराव केला, आणि म्हटलं आता रविवारी खरी परीक्षा. चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, दोन्ही हात पुढे धरून उभी राहणार.

आता ऐक काय झालं. आम्ही अशर उपासनेत न बोलता हातांनीच एकमेकींना सांगतो, पण तू लहान होतीस तेव्हाचे ते हातांचे इशारे आता बदललेत, हे तुला माहीत नाही. साथीच्या दिवसांत मीच नवा इशारा काढला होता, दोन्ही हात छातीसमोर म्हणजे दारं बंद, आता कोणाला आत सोडू नका. काढला मी आणि विसरलेही मीच. मी हात पुढे घेतले मात्र, रांगेतल्या सगळ्या अशरांनी खट्खट् दारं लावून घेतली. कोणी का म्हणून विचारलं नाही. माझ्या मंडळात विचारत नाहीत. रेव्हरंडांची बायको, तिची आई आणि वाढदिवसाचा केक, तिघंही बाहेर. ती बाहेरून दार ठोठावतेय आणि मला ते ऐकू येत नाही! मला वाटलं, लोक माझ्याकडे बघून हसतायत ते माझ्या हातांना. मी आणखी ताठ झाले, हात आणखी वर. अर्धं प्रवचन होईपर्यंत कोणी दार उघडलं नाही. शेवटी रेव्हरंडच खाली उतरून आले आणि माझ्या कानाशी ओरडले, "सिस्टर स्पाइट, माझ्या बायकोने कोणतं पाप केलंय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण रेनिटा, हात मागे गेला नाही. एकदाही नाही. एकाहत्तराव्या वर्षी मला जमलं.

कसं जमलं ते सांगते. हाताला नुसतं "जाऊ नको" म्हटलं तर तो जातोच. त्याला काम द्यावं लागतं. मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि मनातल्या मनात त्या डाव्याला उजव्याच्या ताब्यात दिलं. तुमच्या नियमात बसतं का ते त्या लॉकलिअरबाईंना विचार. आणि त्यांना सांग, टोप्यांबद्दल मी आभारी आहे. त्यांच्या वडिलांबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

मी तुला देवाच्या दारात उभं राहायला शिकवलं. हे दुसरं दार आहे, इथले नियम इथले. यात माझा अपमान नाही. मला ते समजायला थोडे दिवस लागले, एवढंच.

जा आणि पास हो.

आत्या व्हर्डेल

विल्सन
२७ एप्रिल २०२३

आत्या!

पास! पास! पास!

तुला तार करायची सोय असती तर केली असती. आता सगळं सांगते, पण क्रमाने, नाहीतर तू म्हणशील उचलली जीभ लावली टाळ्याला.

बोटं गुंफलेली चालतात. डॉ. लॉकलिअर म्हणाल्या, कारखान्यातही तसंच शिकवतात. मी त्यांना तुझी सगळी गोष्ट सांगितली. रेव्हरंडांच्या बायकोपर्यंत आल्यावर त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "आता कामाला लागा."

मी कपडे घातले. सगळं जमलं. आणि मग त्यांनी मला तसंच उभं ठेवलं. त्या ठसे घ्यायच्या काचेच्या ताटल्या काढायला लागल्या, सावकाश, एकेक करत. मुद्दाम करत होत्या की काय कोण जाणे. नाकावरून घाम निघाला. टाचा आपोआप जुळल्या. हनुवटी वर गेली. डावा हात सुटायला निघाला, आत्या, मला तो निघताना जाणवला. मी बोटं घट्ट केली. मनात म्हटलं, माझी आत्या दारं बंद करून उभी आहे. हात राहिला.

मग माझ्या बोटांचे, बाह्यांचे, छातीचे ठसे ताटल्यांवर घेतले आणि त्या उबेत ठेवल्या. जंतू असले तर ठिपके उगवतात. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. काहीच उगवलं नव्हतं. सगळ्या ताटल्या स्वच्छ.

मुलाखत गेल्या मंगळवारी झाली. तिघं समोर बसले होते. त्यांनी विचारलं, चूक झाली तर काय कराल? मी म्हटलं, लगेच सांगीन, कारण एकदा लपवली होती आणि त्यामुळे चर्चची गाडी माझ्या अंगावर येणार होती. हसले. आज सकाळी फोन आला. नोकरी लागली! दिवसपाळी, आत्या. मरिसोललाही लागली. आम्ही दोघी कोंबड्यांच्या कारखान्याच्या गाडीतळावर एकमेकींना मिठी मारून नाचलो.

उद्या कोंबड्यांच्या पट्ट्यावर माझा शेवटचा दिवस. मुकादमाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "परत येशील. सगळे येतात." त्याच्यामागे उभ्या असलेल्या पाच बायकांनी मात्र जेवणाच्या सुट्टीत मला घेरलं. आपापले फोन पुढे केले आणि म्हणाल्या, नाव कुठे घालायचं ते दाखव.

आणि मनगट! डॉक्टर म्हणाला, सुरी सुटली तर ते सुधारेल. आत्या, माझं मनगट माझंच राहणार आहे.

तुझी, तुझीच,
रेनिटा

विंडसर
८ मे २०२३

माझ्या लाडक्या पोरी,

काल काय झालं ते फ्लोसी तुला सांगायच्या आत मीच सांगते, कारण ती मीठमसाला लावील.

तुझं पत्र मी रेव्हरंडांना दिलं होतं. काल प्रवचनाच्या आधी त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. मोठ्याने वाचा म्हणून मी आधीच बजावलं होतं. मी नेहमीप्रमाणे मुख्य दाराशी. तुला माहीत आहे, उपासनेत कोणावर पवित्र आत्मा उतरला, कोणी ओरडायला नाचायला लागलं, तर त्याला सांभाळायचं काम आमचं. पंखा घालायचा, चष्मा काढून घ्यायचा, पडायला लागला तर धरायचं. अशरने स्वतः मात्र जागा सोडायची नाही. इतक्या वर्षांत मी माणसं पडताना धरली, रडताना धरली. माझ्या आईच्या अंत्यविधीलाही मी दारातून हलले नाही. तुझ्या बाबाच्याही नाही. लोक म्हणायचे, व्हर्डेल स्पाइटच्या अंगात रक्त आहे की दगड.

रेव्हरंडांनी वाचलं, "माझं मनगट माझंच राहणार आहे."

मग मला काही आठवत नाही. फ्लोसी सांगते की मी दार सोडलं. सांगते की मी मधल्या वाटेने दोन्ही हात वर करून धावत सुटले, या वयात, या गुडघ्यांनी, आणि असं ओरडले की माझं मलासुद्धा ऐकू आलं. "आमची पोरगी सुटली! आमची पोरगी सुटली!" टोपी कुठे गेली ते अजून सापडलं नाही. सगळं चर्च उभं राहिलं. माझ्या मंडळातल्या पोरी, मी घडवलेल्या, जागच्या जागी थिजल्या, कारण अशर नाचायला लागली तर काय करायचं हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. शेवटी सगळ्यात धाकटी पुढे आली, तिने माझा चष्मा काढून घेतला आणि मला धरलं.

रेनिटा, मी तिला सोड म्हटलं नाही.

तुझी आत्या व्हर्डेल